वावरातली जादू अन् घरातला बोजा : आपल्या गावात अर्बन फँटसी कशी लिहायची

मी पहिल्यांदा अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या जगात घडणारी जादूची गोष्ट, लिहायला घेतली तेव्हा ती मुंबईत घडवली होती. मुंबई मी आयुष्यात दोनदा पाहिली आहे, त्यातली एकदा आबाजींच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे दवाखान्याच्या खिडकीतून जेवढी दिसते तेवढीच. तरी माझा हिरो रात्री दोन वाजता समुद्राच्या काठी उभा राहून पावसाच्या सुया करत होता अन् काळा कोट घालून फिरत होता, जून महिन्यात. सत्तर पानं झाल्यावर मोठ्या बहिणीला वाचायला दिली. तिने चार दिवसांनी वही परत केली अन् एकच विचारलं, "याचे मायबाप कुठी गेले बे?"

तेव्हा कळलं की मी हिरोला अनाथ यासाठी केलं होतं की घर लिहिणं अवघड जातं. जादू सोपी आहे हो, कोणीही लिहील. पण जादू येणारा माणूस घरी जेवायला बसतो तेव्हा त्याची आई त्याला काय म्हणते, हे लिहायला गेलं की हात थांबतो. अन् तुम्हाला घराण्याच्या इमानाची, एकमेकांसाठी जीव टाकणाऱ्या अन् एकमेकांचा जीव खाणाऱ्या लोकांची गोष्ट लिहायची असेल तर तीच जागा कामाची आहे. ती वही मी बंबात घातली नाही, पण जवळपास तसंच. नंतर सगळं चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा-भद्रावतीकडे आणलं, जिथे मी राहतो, अन् मग पुढे काय काय करावं लागलं ते सांगतो, कारण आपल्याकडची दोन-चार पोरं हल्ली असलं लिहायला बघतात अन् सगळे तिथेच अडकतात जिथे मी अडकलो होतो.

"अर्बन" शब्दाला घाबरू नका

या प्रकारात शहर लागतं असं सगळे म्हणतात. लागत नाही. लागतो तो आजचा काळ. जादू अशा जगात घडली पाहिजे जिथे रिचार्ज संपतो, बँकेत केवायसी मागतात, अन् एसटी चुकली तर रात्री काळीपिवळीत बारा माणसांत बसून यावं लागतं. राजे, तलवारी, ड्रॅगन असलेली फँटसी वेगळी, ही वेगळी. तालुक्याचं गाव याला एकदम फिट बसतं. आमच्याकडे रात्री गच्चीवर उभं राहा, एका बाजूला कोळशाच्या खाणीचे लाईट, आभाळ नारिंगी, दुसऱ्या बाजूला पराटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर अन् काळाकुट्ट अंधार, त्याच्या पलीकडे ताडोबाचं जंगल. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे अन् त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मोटर लावायला रात्री बॅटरी घेऊन वावरात जावं लागतं कारण थ्री फेजची पाळी कित्येकदा रात्रीची असते. यापेक्षा जास्त अर्बन अन् यापेक्षा जास्त फँटसी आणखी काय पाहिजे.

वाचकाला पटेल का, ही भीती पण सोडा. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. जळत्या रेघा अख्ख्या विदर्भाने पाहिल्या. रॉकेटचा तुकडा होता तो, नंतर इस्रोची माणसं येऊन बघून गेली. त्याच वर्षी घुग्घुसला एक राहतं घर जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण होती म्हणून. अन् २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे. तिन्ही खऱ्या गोष्टी, तिन्हींची कारणं माहीत आहेत, तरी कोणी पुण्यात बसून लिहिल्या असत्या तर आपणच म्हटलं असतं काहीही फेकतो.

म्हणून माझी ट्रिक अशी, की पहिल्या दहा पानांत अशी एक खरी घडलेली विचित्र गोष्ट टाका, जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आठवणारी, अन् तिला खेटूनच तुमची पहिली खोटी गोष्ट ठेवा. खरं कुठे संपलं अन् तुमचं कुठे सुरू झालं हे वाचकाला शोधू द्या. माझ्या गोष्टीत ज्या संध्याकाळी कडं पडतं त्याच संध्याकाळी सगळं गाव आभाळाकडे बघत असताना एका घरातला बैल गोठ्यात उलटा, म्हणजे भिंतीकडे पाठ करून उभा राहतो अन् दाराकडे बघत राहतो. बस. आणखी काही करत नाही.

जादू कुठून आणायची

अग्नी, जल, वायू, पृथ्वी असे चार गट पाडून जादू करू नका प्लीज. ते वाचून वाचून कंटाळा आला. आपल्याकडे लोक एखादी न दिसणारी ताकद रोज कशी वापरतात ते बघा, मला तर करंटच दिसला. लाईनवर आकडा टाकणारे लोक आहेत, त्यांना माहीत असतं कुठल्या तारेला हात लावायचा अन् कुठल्या नाही, पावसाळ्यात कधी टाकायचा नाही, अन् एकाने जास्त ओढलं की डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळते अन् मग पंधरा दिवस सगळ्यांचीच पिकं वाळतात. जादू अशीच लिहा. कोणाची तरी लाईन आहे, तुम्ही त्यावर आकडा टाकून आहात, अन् एकाच्या हावेने जळणारी डीपी सगळ्यांची आहे. "धोकादायक जादू" म्हणजे काय ते वाचकाला दोन ओळीत कळतं, समजावून सांगायला म्हातारा गुरू लागत नाही.

पण करंटने नियम मिळतात, जीव मिळत नाही. जीव सणातून मिळाला मला. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून खांदशेकणी करतात अन् त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानपणापासून ऐकतो आपण हे. आता लेखक म्हणून एकदा ऐका. आवतन म्हणजे निमंत्रण, अन् निमंत्रण दिलं की जेवू घालावंच लागतं, त्यात माघार नाही. मग मी विचार केला, एखाद्या वर्षी, दुष्काळ, दावणीला बैल उरला नाही, अन् घरातल्या कोणीतरी रिकाम्या दावणीसमोर उभं राहून हेच शब्द म्हटले तर? ऐकणारं कोणी नव्हतंच. पण आलं कोणीतरी.

माझ्या कादंबरीतला ढवळ्या तिथून आला. दिसायला बैल. रात्री एकटाच वावर वखरून ठेवतो, सकाळी तास सरळ, खुरांचे ठसे नाहीत. अट एकच, दर पोळ्याला घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने त्याला जेवू घालायचं. चुकलं तर तो कोणाला मारत नाही. मारणं फार सोपं, अन् खरं सांगू, आमच्याकडे मरणाने वाचक हलत नाही एवढं त्याने पाहिलेलं असतं. ढवळ्या घरातलं एक माणूस आठवणीतून नेतो. सकाळी उठल्यावर त्या घरात पाच माणसं असतात अन् सगळ्यांना वाटतं पाचच होती. फक्त बाई ताटं मांडायला जाते अन् हात सहावं ताट उचलतो, मग ती थोडा वेळ तशीच उभी राहते अन् ताट परत ठेवून देते.

तुमची जादू वेगळी असेल, चालेल, पण तिच्यावर हे तीन प्रश्न टाकून बघा : ती कोणाच्या मालकीची आहे, तिची फेड कोण करतो, अन् फेड चुकली तर नुकसान कोणाचं होतं. तिन्हीची उत्तरं एकच माणूस असेल तर तुमच्याकडे फक्त जादूची गोष्ट आहे. तिन्ही उत्तरं एकाच घरातली तीन वेगवेगळी माणसं असतील तर कादंबरी आहे.

आणखी एक अडचण आमच्या भागात खास येते. इथे खरा वाघ आहे. अंधारात काहीतरी टपून बसलंय, डोळे चमकतात, हे लिहून वाचकाला घाबरवायला जाल तर तो म्हणेल, हो बाप्पा, परवाच नाल्याजवळ होता, वन विभागाचे लोक येऊन गेले. बाहेरच्या भीतीला आपल्याकडे भाव नाही. भीती घरातून यायला पाहिजे, ताट वाढणाऱ्या हातातून. म्हणूनच म्हणतो घर अन् जादू वेगळी काढू नका.

सातबारा उघडा

आता माझा आवडता भाग, इथे मी जरा लांबण लावणार आहे.

घराण्याचं इमान म्हटलं की लोक लगेच शपथा अन् रक्त अन् खानदान की इज्जत लिहायला लागतात. आपल्या गावात इमानाची परीक्षा कुठे होते माहीत आहे नं? दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात. बाप गेला की वारसान चढवायचं, मग बहिणींना बोलवायचं, साडीचोळी करायची, अन् हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही घ्यायची. कायद्याने ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाएवढाच हक्क आहे, अन् २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप जिवंत असायलाच पाहिजे असं काही नाही. तरी बहिणी सह्या करतात, कारण माहेर तुटू नये. जी बहीण सही करत नाही तिच्याबद्दल गावात काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. आता यात जादू सोडून बघा फक्त.

माझ्या गोष्टीत ढवळ्याचं देणं जमिनीसोबत चालतं, जसा सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला असतो तसा. ज्याच्या नावावर जमीन त्याच्यावर बोजा. म्हणून मोठेबाबा, म्हणजे घरातले थोरले काका, पुतणीला, रंजूला, हक्कसोड करायला लावतात तेव्हा गावाला वाटतं भावाने भावाच्या पोरीचा हिस्सा खाल्ला. मोठेबाबा मात्र रात्री घरी येऊन म्हणतात, तुयी सही झाली की माया मागचा घोर गेला. तिला वाचवताहेत की लुटताहेत? मी स्वतः अर्धी कादंबरी लिहीपर्यंत ठरवलं नव्हतं, अन् तुम्हीही ठरवू नका, वाचकाला कळतं लेखकाने आधीच निकाल लावलाय ते.

महसूल खात्याची कागदपत्रं म्हणजे फँटसीवाल्यासाठी खजिना आहे, कोणी हातच लावत नाही. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला की त्याच्या नावाला कंस करायचे. "नावाले कंस झाला" म्हणतात लोक. मी ते वाचलं अन् खुर्चीतच बसून राहिलो. घरातले विसरतात, फोटोतून माणूस जातो, पण तलाठ्याच्या दप्तरात त्याचं नाव कंसात पडून राहतं! रंजूला जुना उतारा मिळतो, त्यात तीन नावं कंसात, फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक आहे पण तो फेरफार काढून बघितला तर नोंदवहीतलं पान कोरं. ही अख्खी आयडिया मला एका रेकॉर्ड रूमच्या बाहेर नक्कल मिळायची वाट बघत चार तास बसलो तेव्हा आली. नक्कल मिळाली नाही, साहेब मीटिंगला गेले होते, आयडिया मिळाली.

पूर्व विदर्भातले असाल तर आणखी मजा आहे. आपल्याकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या हाती गाव, ती १९५१ मध्ये गेली, पण तिच्यासोबतचे निस्तार पत्रक अन् वाजिब-उल-अर्ज हे कागद अजून दप्तरात आहेत. गावाने जंगलातून लाकूड कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, तलावाचं पाणी कोणाला आधी, वाट कुठून, असल्या गावच्या चालीरीती त्यात नोंदवलेल्या असतात. विचार करा, त्याच यादीत एक कलम असं निघालं की अमुक घराने दर श्रावण अमावस्येला दक्षिणेच्या वावरात एक ताट ठेवावे, ही चाल पूर्वापार आहे. इंग्रज अधिकाऱ्याने ऐकलं तसं लिहून घेतलं, त्याला काय कळणार. मला वाटतं एखाद्या चामड्याच्या बांधणीच्या मंत्रांच्या पोथीपेक्षा हे शंभर पट भीतीदायक आहे, कारण त्यावर सरकारी शिक्का आहे.

अन् टेन्शन हवं असेल तर तेही महसूल खातंच देतं. फेरफार नोंदवला की नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. माझे मधले सगळे अध्याय त्या पंधरा दिवसांत बसवले आहेत अन् पंधरावा दिवस आणला पोळ्याच्या आदल्या दिवसावर. पुढे लगेच पोळा, अन् तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा अन् मारबत. गावाबाहेर पुतळा नेऊन जाळतात अन् सगळे ओरडतात "खासी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत", तेव्हा त्या गर्दीत रंजू काय ओरडते हा माझा शेवट. तो सांगत नाही. पण प्लॉटचा सांगाडा शोधत बसण्यापेक्षा कॅलेंडर समोर ठेवा, सण स्वतःच ठरवून देतात कुठे बोलवायचं, कुठे जेवू घालायचं, अन् कुठे हाकलायचं.

एक सीन उलगडून दाखवतो

नुसतं सांगून उपयोग नाही म्हणून माझाच एक तुकडा देतो, हक्कसोडीच्या दिवसाचा, यातला विजू म्हणजे रंजूचा भाऊ :

ऑपरेटरने रंजूला कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. मग अंगठा ठेवा म्हणाला. तिने ठेवला. मशीन टुंग वाजलं नाही. पुन्हा ठेवला. ऑपरेटरने स्क्रीन जरा वळवून बघितली, चष्मा वर केला. अंगठ्याच्या रेषा नव्हत्या, मधोमध एक उभी फट होती, दोन्हीकडे गुळगुळीत.
"ताई, कापूस वेचला का सकाळी? हात धुवून या बरं."
मोठेबाबा बाकावरून उठले. त्यांनी स्क्रीन पाहिली होती.
"आज राहू दे," ते म्हणाले. "चाल घरी."
"काहून?" विजू म्हणाला. "गाडीभाडं करून आणलं तिले. करून टाका आजच."
"मी म्हणतो नं राहू दे."
"तुले काय माहीत आहे बे?"
ऑफिसातला पंखा चालूच होता. स्टॅम्पवाल्याने पेन खाली ठेवला. मोठेबाबांनी विजूकडे पाहिलं नाही, त्यांनी बाकावरची पिशवी उचलली, तिच्यातली पाण्याची बॉटल सरळ केली, अन् जिन्याकडे चालायला लागले.

आता यात जादू किती आहे? एक ओळ. खुराची ती फट. अन् त्यावर ऑपरेटर काय करतो, हात धुवायला पाठवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, सरकारी माणूस कधीच दचकत नाही, त्याला रांग संपवायची असते. जादूसमोर माणसं जितकी कामात राहतील तितकी जादू खरी वाटते. किंचाळ्या फिंचाळ्या नकोच.

पण सीनचा खरा घाव जादूचा नाही, तो "बे" आहे. आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, बरोबरीच्याला बे, मोठ्या माणसाला गा, बाईमाणसाला वं. ज्या मोठेबाबांनी बाप गेल्यावर विजूला वाढवलं त्यांना तो चारचौघात बे म्हणतो. तिथे घर फुटलं. नंतर कितीही तलवारी काढा, घर त्या एका अक्षरात फुटलेलं आहे. म्हणून माझा नियम असा की बे, गा, वं हे मीठ-मिरचीसारखे भुरभुरवायचे नाहीत, कोण कोणाला काय म्हणतो हे पहिल्या पानापासून पक्कं ठेवायचं, म्हणजे मोडायची वेळ येते तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा येतो.

भाषेचं म्हणाल तर निवेदन साधं ठेवा अन् संवाद बोलीत. अख्खी कादंबरी वऱ्हाडीत लिहिणारे आहेत, त्यांना सलाम, मला ते जमत नाही, अन् झाडीबोलीवाल्यांनी वऱ्हाडीची नक्कल करू नये, आपापलं लिहावं. फक्त एक कराच, बोली फक्त विनोदी पात्राला देऊ नका. टीव्हीवर आपली भाषा नेहमी नोकराला अन् येड्याला मिळते, आपणही तेच करणार असू तर मग काय बोलायचं. माझ्या गोष्टीत सगळ्यात शहाणं, सगळ्यात भीतीदायक वाक्य मोठ्याई, म्हणजे मोठी काकू, बोलते अन् ती ठसठशीत आपल्या बोलीत बोलते.

इथे मात्र सांभाळून

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. आपण ज्या जिल्ह्यांत बसून जादू लिहितो तिथे जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना खांबाला बांधून मारल्याच्या बातम्या येतात. खऱ्या. विधवा बाई, एकटी राहते, कोणाचं पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडे. तुमच्या कादंबरीत गावाबाहेरच्या झोपडीतली म्हातारी चेटकीण निघाली तर तुम्ही त्या बोटाला जोर दिला, मग मनात काही असो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश आला अन् त्या वर्षाच्या शेवटी जादूटोणाविरोधी कायदा झाला, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे त्यात. अन् आपण गाडगेबाबा, तुकडोजी महाराजांच्या मुलखातले, ज्यांनी खराटा अन् खंजिरी घेऊन आयुष्यभर हेच सांगितलं. तरी मी फँटसी लिहितो अन् मला त्यात काही चुकीचं वाटत नाही, पण काही गोष्टी मी करत नाही.

जादू संशयित घरात ठेवत नाही, ती प्रतिष्ठित घरात ठेवतो, ज्यांच्या ओसरीवर गावाची बैठक बसते त्यांच्या. आजार जादूने होत नाही अन् जादूने बरा होत नाही, माझ्या गोष्टीत ताप आला की सरकारी दवाखान्यात जातात. बुवाबाजी करणारा माणूस घेतला तर तो सरळ फ्रॉड दाखवतो, गुप्तधनाच्या नावाखाली पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधत फिरणारी टोळी आहे एक माझ्याकडे, त्यांना ना जादू येते ना त्यांच्यावर दया येते, अन् त्यांना पकडणारा पोलीस इन्स्पेक्टर त्या कायद्याखालचा दक्षता अधिकारी आहे. तो ढवळ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवत नाही. तो कादंबरीतला सगळ्यात चांगला माणूस आहे, मला तसाच पाहिजे होता.

अन् गोंड, कोलाम लोकांचे देव उचलून त्यांचे राक्षस करू नका. पेनठाणा, म्हणजे गोंडांच्या देवाची जागा, हा तुमचा हॉन्टेड स्पॉट नाही, लोक तिथे आजही हात जोडतात. आपल्या घरातलंच एवढं भरपूर आहे, दुसऱ्याच्या देवघरात कशाला जायचं.

बाकी लहानसहान

लिहायला मोबाईल चालतो, मी अर्धी कादंबरी मोबाईलवर बोलून टाईप केली, फक्त बोलून केलं की आपली बोली तो हिंदी समजतो अन् "काहून" चं "कानून" करतो, नंतर तपासायला दुप्पट वेळ जातो. युनिकोडमध्येच ठेवा. एका प्रकाशकाने मला जुन्या फॉन्टमध्ये फाईल मागितली, बदलून दिली तर सगळे जोडाक्षर फुटले अन् "ढवळ्या" चा "ढवळया" झाला दोनशे ठिकाणी.

सीन लांबवायचा कसा हे शिकायचं असेल तर दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीचं एखादं नाटक बघून या. वडसा भागातल्या कंपन्या गावोगाव जातात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं अन् पहाटेपर्यंत चालतं. थंडीत, घोंगडी पांघरून, तीन वाजता, लोक जागे का राहतात? दोन भावांच्या भांडणामुळे. भूत नाही, मर्डर नाही, वाटणी. मी एकदा वहीत लिहून काढलं की मोठा भाऊ किती वेळा उठून जायला निघतो अन् किती वेळा त्याला कोणीतरी थांबवतं. पाच वेळा. पाचव्या वेळेस कोणीच थांबवत नाही, अन् मांडवात माझ्या शेजारची बाई पदर तोंडाला लावून रडत होती. विजूचं घर सोडणं मी त्याच मापाने लिहिलं.

ड्राफ्ट झाला की लेखक मित्राला आधी देऊ नका, तो म्हणेल छान आहे, थोडं एडिट कर. घरात वाचून दाखवा. मी आईला दाखवली, रोज संध्याकाळी ती तुरीच्या शेंगा सोलत बसायची अन् मी वाचायचो. ती काही बोलायची नाही. चांगलं वाईट काहीच नाही. मला वाटलं ऐकतच नाही, दाण्याकडेच लक्ष आहे तिचं. नवव्या अध्यायात मागच्या दिवसांची गोष्ट येते, विजू-रंजूच्या बापाचं नागपूरला ऑपरेशन आहे, सगळे तिकडे धावतात, माझ्या मते इमोशनल चॅप्टर होता. तो संपला, मी वही मिटली, अन् आईने टोपलं बाजूला सारलं.

"ते दवाखान्यात होते तवा पोया येऊन गेला नं मधात?"

म्हटलं हो, असेल.

"मंग ढवळ्याले जेवू कोणं घातलं त्या साली?"

मी काहीतरी बोलायला गेलो अन् थांबलो. कोणीच नाही. माझ्याच नियमाने त्या सकाळी घरातून एक माणूस जायला पाहिजे होतं, अन् मी स्वतः, लिहिणारा, ते विसरून पुढचे सहा अध्याय लिहून बसलो होतो. त्या रात्री पहिल्या पानावर परत गेलो, जिथे जेवायला बसलेल्यांची ओळ होती, अन् पाच ताटांच्या जागी सहा लिहिली. विजू अन् रंजूला आणखी एक भाऊ होता.